विषय: मुंबईत आईबाबांच्या घरी पिण्याचं पाणी कसं आणि किती साठवावं?

नमस्कार मंडळी,

माझे आईबाबा परळला पाचव्या मजल्यावर राहतात. दोघंही पंचाहत्तरीच्या पुढचे. मागच्या आठवड्यात जलवाहिनीच्या दुरुस्तीसाठी त्यांच्याकडे पाणी बंद होतं आणि नेमकी त्याच दुपारी वीजही गेली. पंप बंद, लिफ्ट बंद, फिल्टर बंद. शेवटी शेजारच्या मुलाने वीस लिटरचा कॅन खांद्यावर घेऊन जिन्याने वर आणून दिला.

इथे कॅलिफोर्नियात भूकंपाच्या तयारीसाठी माणशी रोजचं एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटरच्या आसपास पाणी साठवायला सांगतात आणि आमच्या गॅरेजमध्ये ते भरलेलं असतं. तिकडे आई मात्र सकाळी नळ आला की कालचं पाणी शिळं म्हणून ओतून देते. घरी फिल्टर आहे, तर त्याच्या पाण्याच्या बाटल्या भरून माळ्यावर ठेवायला सांगू का? किती दिवस टिकतील? सध्या मुंबईत असलेल्या सभासदांनी कृपया लिहावं.

आपली,
सॅन होजे (माहेर परळ)

---

अगं, तुझी मेल वाचली आणि लगेच लिहायला बसलो. पाणीपुरवठ्याच्या कामात माझी नोकरी गेली, त्यामुळे थोडं लांबेल.

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगतो. फिल्टरचं पाणी साठ्यासाठी नुसतं भरून ठेवू नका. महापालिका पाण्यात क्लोरीन घालते ते फक्त शुद्धीकरण केंद्रातले जंतू मारायला नाही. त्यातला थोडा क्लोरीन नळापर्यंत शिल्लक राहावा आणि वाटेत काही शिरलंच तर त्याचा बंदोबस्त व्हावा, हाही हेतू असतो. भारतीय मानकाप्रमाणे असा शिल्लक क्लोरीन लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम हवा. आपल्या घरच्या फिल्टरमधला कार्बन पहिल्यांदा हाच क्लोरीन काढून घेतो, म्हणून त्या पाण्याला वास येत नाही. पुढे आरओ असो की यूव्ही, पाणी त्या क्षणी शुद्ध होतं, पण बाटलीत पडल्यावर त्याला राखण करणारं काही उरत नाही. बाटलीच्या तोंडाशी हात लागला, झाकण सैल राहिलं, की मुंबईच्या उकाड्यात जंतू वाढायला वेळ लागत नाही. त्याच दिवशी प्यायचं असेल तर फिल्टरचं पाणी उत्तम. महिनाभर ठेवायचं असेल तर नळाचं.

नळाचं म्हणजे कुठलं, तेही बघावं लागतं. विहार, तुळशी, तानसा, मोडक सागर, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा आणि भातसा या सात तलावांचं पाणी मुख्यतः भांडुप आणि पांजरापूरला शुद्ध होऊन शहरात येतं. वैतरणेचं पाणी तर शंभर किलोमीटरहून लांबून येतं. इतक्या लांबून चांगलं आलेलं पाणी बिघडतं ते बहुतेक वेळा शेवटच्या टप्प्यात. मुंबईत चोवीस तास पाणी नसतं. नळ गेला की वाहिनीतला दाब उतरतो आणि पाइपाला कुठे चीर असेल तर बाहेरचं घाण पाणी आत ओढलं जातं. म्हणून पाणी आल्याबरोबरची पहिली धार पिण्यासाठी भरायची नाही, विशेषतः दुरुस्तीनंतर येणारं गढूळ पाणी. त्यानंतरचे काही दिवस गाळून, उकळून प्या असं महापालिका सांगते, ते उगाच नाही. पुढे सोसायटीची जमिनीखालची टाकी, मग पंप, मग गच्चीवरची टाकी. यातल्या एका टाकीचं झाकण जरी फुटकं असलं तरी भांडुपपर्यंतच्या सगळ्या मेहनतीवर पाणी पडतं. तुमच्या इमारतीत स्वयंपाकघरात थेट महापालिकेच्या वाहिनीचा नळ असेल तर साठा त्याच नळाचा करा. पाचव्या मजल्यावर दाब पुरत नसेल तर टाकीचंच भरावं लागेल, पण मग त्यात क्लोरीनची गोळी घालणं आलंच.

आणि वीज गेली की काय होतं ते तू लिहिलंच आहेस. 12 ऑक्टोबर 2020 ला सकाळी अख्ख्या मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. त्या दिवशी तलावांत पाणी नव्हतं असं नाही, ते वर चढवायला पंप चालत नव्हते. उंच इमारतीत राहणाऱ्याने पाणीकपातीइतकीच विजेचीही काळजी धरायला हवी. गॅस मात्र विजेवाचून चालतो, तेव्हा उकळण्याची सोय बहुधा शाबूत असते. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरे, आपण समुद्रसपाटीला आहोत. पाणी गढूळ असेल तर आधी निवळू द्यायचं, जुन्या सुती कापडाच्या चार पदरांतून गाळायचं, मग उकळायचं. तुरटीने गाळ खाली बसतो, पण ते पाणी तेवढ्यावर पिण्याजोगं होत नाही, हे बाबांना जरूर सांग. आमच्या पिढीचा तुरटीवर फार विश्वास.

किती? पिणं आणि स्वयंपाक धरून माणशी चार लिटर. दोघांना तीन दिवसांचं चोवीस लिटर हा कमीत कमी साठा. जागा असेल तर आठवड्याचं छप्पन्न लिटर. संडास-मोरीचं पाणी यात धरायचं नाही, त्याच्या बादल्या वेगळ्या.

माळा नको. तिथे पत्र्याखाली तापतं आणि त्या वयात वरून काही उतरवायला लावणं बरं नाही. ओट्याखाली, उन्हापासून लांब ठेवा. डांबरगोळ्या, फिनेल, रॉकेल यांच्या शेजारी प्लॅस्टिक ठेवायचं नाही, वास आत उतरतो. खाद्यपदार्थांसाठीचंच भांडं घ्यायचं. रंगाचे किंवा रसायनांचे रिकामे ड्रम स्वस्तात मिळतात, ते कितीही धुतले तरी नकोत. स्टीलचं तोटीचं पिंप असेल तर फारच छान, कारण पाण्यात हात जात नाही. तोटी नसेल तर लांब दांड्याचं ओगराळं वेगळं ठेवायचं आणि ते जमिनीवर टेकू द्यायचं नाही.

क्लोरीनच्या गोळ्या औषधाच्या दुकानात मिळतात. एनएडीसीसी म्हणजे पाण्यात क्लोरीन सोडणारं एक रसायन, त्याची 67 मिलिग्रॅमची गोळी साधारण 20 लिटर स्वच्छ पाण्याला असते, पण पाकिटावर लिहिलेलं प्रमाणच पाळायचं, कारण गोळ्या निरनिराळ्या ताकदीच्या येतात. घातल्यावर अर्धा तास थांबायचं. टाक्या धुवायची टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, घरच्या पिण्याच्या पाण्यात अंदाजाने घालू नका. दमट हवेत तिची ताकद उतरते आणि आज किती उरली आहे ते डोळ्यांना कळत नाही.

शिळ्या पाण्याबद्दल आईशी वाद घालू नकोस. रोजचा माठ ती रोज भरू दे, ती सवय चांगली आहे. साठ्याचं पाणी नीट झाकलं तर सहा महिने ठेवता येतं असं तुमच्याकडचं आरोग्य खातं सांगतं. इथल्या हवेत मी महिन्याने बदलतो. दर संकष्टीला बदलायचं असं आईला सांग, तिथी ती चुकवणार नाही. काढलेलं पाणी फरशी पुसायला, झाडांना.

मुलुंडहून,
तुमच्या मंडळाचा जुना सभासद

---

काकांना नमस्कार. त्यांच्या बहुतेक सगळ्या गोष्टींना दुजोरा देते, एका बाबतीत थोडी वेगळी सूचना आहे. मी पार्ल्यात दवाखाना चालवते आणि माझ्याकडे येणाऱ्यांत आजी-आजोबाच जास्त असतात.

ताई, स्टीलचं मोठं पिंप नको. भरलेलं हलवता येत नाही, म्हणून ते धुतलं जात नाही. वीस लिटरचा कॅनही त्यांना वाकवता येणार नाही, कंबर धरली तर तेच मोठं संकट. पाच लिटरचे कॅन घ्या, रुंद तोंडाचे, हात आत जाऊन घासता येतील असे. एक उघडला तरी बाकीचे बंद राहतात, हाही फायदा.

वयाबरोबर तहान कमी लागते. पाण्याची टंचाई आहे असं दिसलं की आपले आईवडील आपणहून कमी पितात, दुसऱ्यांसाठी ठेवतात. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर हे अंगाशी येतं. त्यांना स्पष्ट सांगा की पिण्यात काटकसर करायची नाही. ज्यांना मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार आहे त्यांनी पाण्याचं प्रमाण आपल्या डॉक्टरांकडून ठरवून घ्यावं. ओआरएसची पाकिटं साठ्याशेजारीच ठेवा आणि ती साठ्याच्याच पाण्यात कालवा.

डासांचं काकांच्या लिहिण्यात आलं नाही. डेंग्यूचा एडीस डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्यातून नवा डास तयार होतो. पिण्याचे कॅन घट्ट बंद असतात, त्यांची भीती नाही. संडासासाठी भरून ठेवलेल्या उघड्या बादल्या आणि बाल्कनीतलं पिंप यांची आहे. आठवड्यातून एकदा ती रिकामी करून आतून काथ्याने घासा. नुसतं ओतून चालत नाही, अंडी कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने जगतात.

आणि पूर. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला, त्यानंतर लेप्टोची, म्हणजे उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाची साथ आली होती. परळ-हिंदमाताला पाणी भरतं हे तुम्हाला मी काय सांगायचं. रस्त्यावरचं पाणी जमिनीखालच्या टाकीत गेल्याचा नुसता संशय असला तरी ती टाकी उपसून, धुऊन, क्लोरीन घालून होईपर्यंत तिचं पाणी वर चढवू नये, नाहीतर गच्चीची टाकीही जाते. त्या दोन-तीन दिवसांसाठीच घरातला साठा लागतो. पुराच्या पाण्यातून चालून आलेल्यांनी डॉक्टरांना लगेच भेटावं, ताप येण्याची वाट पाहू नये.

विलेपार्ले

---

काका, डॉक्टरताई, दोघांचे मनापासून आभार.

आईशी बोलले. संकष्टीचं तिला लगेच पटलं. पाच लिटरचे सहा कॅन आणायचे ठरलंय, बाबा ओट्याखालची जागा रिकामी करताहेत. फिल्टर रोजच्या पिण्यापुरता. चौकशी केल्यावर कळलं की खालच्या टाकीचं झाकण जमिनीच्या पातळीलाच आहे. बाबांनी सोसायटीच्या सेक्रेटरींना पत्र दिलंय की पावसाआधी तोंड वीटकाम करून वर घ्यावं.

एक विचारायचं राहिलं. टाकीच्या पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे की नाही हे घरी कळू शकतं का?

सॅन होजे

---

कळतं. ऑर्थोटोलिडीनचं द्रावण मिळतं, सगळे त्याला ओटी म्हणतात. परीक्षानळीत पाणी घेऊन सोबतच्या पत्रकाप्रमाणे थेंब टाकायचे. पिवळसर रंग आला तर क्लोरीन आहे, पाणी तसंच राहिलं तर नाही. रंगाच्या तक्त्याशी ताडून प्रमाणही कळतं. तपासलेलं पाणी मात्र मोरीत ओतायचं, ते विषारी असतं, आणि बाटली नातवंडांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवायची. प्रिन्सेस स्ट्रीटला प्रयोगशाळेच्या सामानाची दुकानं आहेत, तिथे चौकशी कर. मी या आठवड्यात त्या बाजूला जाणार आहे. बाबांना फोन करायला सांग, मिळालं तर परळला पोचवतो आणि टाकीही बघून येतो.

मुलुंडहून