मदत हवी आहे: बीफ-बटाटा कॅसरोल. वरचं चीज करपतं, खालचा बटाटा कच्चाच

घाईची_भूक

कामाच्या दिवशी रात्री करता येईल असा साधा, पोटभरीचा बीफ-बटाटा कॅसरोल (थर लावून ओव्हनमध्ये भाजलेला पदार्थ) जमवायचा आहे. चौघांसाठी. फार मसाले नकोत.

सध्याची पद्धत: ५०० ग्रॅम बीफ खिमा कांद्याबरोबर परतून त्यात दोन टोमॅटो, मीठ, मिरपूड. १ किलो बटाट्याच्या कच्च्या चकत्या, साधारण अर्धा सेंटिमीटर जाड. काचेच्या भांड्यात बटाटा, खिमा, पुन्हा बटाटा असे थर. वरून फ्रीजमधलं ४०० मिली दूध आणि १५० ग्रॅम किसलेलं चीज. १८० अंश सेल्सिअसवर ४५ मिनिटं, उघडंच.

होतं असं की खालच्या बटाट्यात सुरी घातली की करकर वाजते. तळाशी पाणी साचतं आणि त्यात दुधाचे पांढरे कण तरंगतात. तोवर वरचं चीज चामट झालेलं असतं. वेळ वाढवावा तर चीज करपतं, कमी करावा तर बटाटा राहतो. ओव्हनचा दोष असेल का?

मंद_आच

ओव्हनला बोल लावण्याआधी टोमॅटोकडे बघा. बटाटा मऊ होतो तो त्याच्या पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन विरघळल्यामुळे, आणि आंबट पदार्थात हे पेक्टिन लवकर विरघळत नाही. टोमॅटोच्या रसात बसलेली कच्ची चकती तासभर भाजूनही करकरीत राहू शकते. वेळ वाढवून फारसं साधत नाही ते त्यामुळेच.

दुसरं कारण म्हणजे गार दूध. बटाटा ५५ ते ६५ अंशांच्या आसपास बराच वेळ रेंगाळला तर त्यातलं एक एन्झाइम पेक्टिन आणखी घट्ट करून ठेवतं, आणि मग पुढे उकळता सॉस मिळाला तरी तो हट्टाने टणक राहतो. गार भांडं, गार दूध आणि कच्च्या बटाट्याचा जाड थर असला की मधला भाग नेमका याच पट्ट्यातून हळूहळू वर चढतो.

खिमा, बटाटा आणि चीज या तिघांना लागणारा वेळ वेगवेगळा. तिघांना एकदम ओव्हनमध्ये ढकललं की एकाचं तरी बिघडणारच. बटाटा नव्वद टक्के आणि खिमा पूर्ण शिजवून घ्या. ओव्हनचं काम फक्त सगळं एकजीव करायचं आणि वरून खरपूस करायचं.

बटाटा: ९०० ग्रॅम, चकत्या ३ ते ४ मिलिमीटर. काप करायची किसणी असेल तर तीच वापरा, कारण हाताने कापलेल्यात एक जाड एक पातळ होते आणि मग कुठली शिजली हे कळत नाही. मोठ्या पातेल्यात दीड लिटर पाण्याला दीड चमचा मीठ, पाणी उकळल्यावर चकत्या घालायच्या आणि पुन्हा उकळी आल्यापासून ४ ते ५ मिनिटं. सुरीचं टोक सहज आत जावं, पण उचलल्यावर चकती मोडू नये. चाळणीत निथळून ताटात पसरा आणि ५ मिनिटं वाफ जाऊ द्या. ही ५ मिनिटं गाळू नका, चकत्यांवरचं बरंचसं पाणी त्यातच उडून जातं.

सॉस: ३० ग्रॅम लोण्यावर ३० ग्रॅम मैदा (साधारण ४ सपाट मोठे चमचे) मंद आचेवर दोन मिनिटं परता, रंग येऊ द्यायचा नाही. मग ५०० मिली कोमट, सायीसकट दूध तीन वेळा विभागून, प्रत्येक वेळी गुठळी मोडेपर्यंत ढवळत. उकळी आली की आणखी दोन मिनिटं. पळीच्या पाठीवर बोट ओढलं की रेघ टिकली पाहिजे. गॅस बंद करून ४० ग्रॅम चीज, मोहरीची पेस्ट अर्धा चमचा, जायफळ चिमूटभर. नुसतं दूध मीठ, आंबटपणा आणि उष्णता या तिन्हींच्या माऱ्यात फाटतं, आणि कमी फॅटचं असेल तर आणखी लवकर. मैद्यातला स्टार्च दुधातल्या प्रथिनांना एकत्र गोळा होऊ देत नाही, म्हणून व्हाइट सॉस टिकतो.

खरपूस_कडा

खिम्याबद्दल लिहितो, कारण तळाला साचणारं निम्मं पाणी तिथलंच असणार.

खिमा फ्रीजरमधला असेल तर पूर्ण सुटलेला हवा, शिवाय कागदाने टिपून घ्या. जाड बुडाचं रुंद पॅन चांगलं तापू द्या, एक चमचा तेल, आणि ५०० ग्रॅम खिमा दोन खेपांत. पसरा आणि ३ मिनिटं हात लावू नका. सतत ढवळलं किंवा पॅन गच्च भरलं की खिमा परतला न जाता स्वतःच्याच पाण्यात उकडतो, करडा पडतो. तळाला तपकिरी खापरी धरली की मगच उलटा आणि मोडा.

१५ ते २० टक्के फॅटचा खिमा घ्या. अगदी बिनचरबीचा खिमा कोरडा, रेतीसारखा लागतो. परतल्यावर सुटलेल्या चरबीपैकी चमचाभर ठेवून बाकीची काढा, नाहीतर वर तवंग येतो. आता बारीक चिरलेला मोठा कांदा ८ मिनिटं, लसणाच्या ३ पाकळ्या, हवं तर एक गाजर किसून. टोमॅटोच्या जागी टोमॅटो पेस्ट एकच मोठा चमचा, ती मिनिटभर परतून तिचा कच्चेपणा घालवा. मैदा एक मोठा चमचा, मग १५० मिली गरम स्टॉक (हाडं किंवा भाज्या उकळून गाळलेलं पाणी), पाऊण चमचा मीठ (स्टॉक खारट असेल तर अर्धाच), मिरपूड, थोडा थाइम (एक सुवासिक पाला). उलथनं पॅनच्या तळातून ओढलं की मागे वाट राहावी आणि ती दोन-तीन सेकंदांनी बुजावी, इतकं आटवा. याहून पातळ असेल तर कॅसरोल पचपचीत होणार, मग वर कितीही चीज घाला.

घाईची_भूक

धन्यवाद दोघांना! मग थर कसे लावायचे, आणि किती वेळ? बटाटा उकडायचा वेळ वाचवण्याची काही युक्ती आहे का?

मंद_आच

२० बाय ३० सेंटिमीटरचं, किमान ६ सेंटिमीटर खोल भांडं. आतून लोणी लावा. निम्म्या चकत्या एकमेकींवर जरा चढवून, वर सॉसचा तिसरा हिस्सा, मग सगळा खिमा, उरलेल्या चकत्या, उरलेला सॉस. सॉस कडांपर्यंत पोचवा. सॉसबाहेर राहिलेला बटाटा वाळून कडक होतो. सगळं गरम असताना रचलंत तर १९० अंशांवर फॉइल लावून १५ मिनिटं, मग फॉइल काढून ६० ग्रॅम चीज आणि आणखी १२ ते १५ मिनिटं. कडेने बुडबुडे आले पाहिजेत, नुसता वर रंग येऊन चालणार नाही. बाहेर काढल्यावर १० मिनिटं थांबा. लगेच वाढलंत तर सॉस ताटभर पळतो.

चीज तयार किसलेलं आणू नका. ते चिकटू नये म्हणून त्यात स्टार्च मिसळलेला असतो, त्यामुळे नीट वितळत नाही.

बटाटेभक्त

उकडणं सक्तीचं आहे असं मला वाटत नाही. कच्च्या चकत्यांचा स्टार्च सॉसला दाट करतो आणि चव बटाट्यातच राहते. अटी मात्र तीन: चकत्या २ ते ३ मिलिमीटर, पाण्यात धुवायच्या नाहीत, आणि सॉस उकळता ओतायचा. सॉस थोडा पातळही ठेवा, दूध ६०० मिली. फॉइल घट्ट लावून १९० अंशांवर ५० ते ६० मिनिटं, मध्यभागी सुरी टोचून बघायची, मग चीज घालून १५ मिनिटं. कामाच्या रात्री हा वेळ परवडतो का ते तुम्ही ठरवा.

घाई असेल तर मायक्रोवेव्ह. चकत्या भांड्यात, ३ मोठे चमचे पाणी, झाकण, पूर्ण पॉवरवर ७ ते ८ मिनिटं, मध्ये एकदा खालीवर. पाणी उकळायची वाट बघायला नको आणि चकत्या फार ओल्याही होत नाहीत.

बटाटा कुठला हेही महत्त्वाचं. पिठूळ बटाटा उकडला की कडेने विरघळतो, पण सॉस छान शोषतो. चिकट, गुळगुळीत जातीचा आकार धरतो. थरांसाठी मधल्या जातीचा सगळ्यांत सोयीचा. फक्त पिठूळ मिळत असेल तर सरळ कुस्करून खिम्यावर लिंपा आणि काट्याने रेघा ओढा. उंचवटे खरपूस होतात.

खरपूस_कडा

बटाटेभक्त, कच्च्या चकत्यांचं मान्य, पण टोमॅटो घालणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये.

घाईची_भूक

शेवटची शंका. आदल्या रात्री रचून फ्रीजमध्ये ठेवला तर चालेल? आणि उरलेल्याचं काय?

मंद_आच

उकडलेल्या चकत्यांचा चालेल. कच्च्या चकत्या सॉसबाहेर जिथे उघड्या राहतात तिथे करड्या पडतात. त्यापेक्षा आदल्या दिवशी फक्त खिमा करून ठेवा, तो पुढे ३ दिवस फ्रीजमध्ये राहतो. दुसऱ्या दिवशी तो गरम केला, बटाटे मायक्रोवेव्हमध्ये टाकले आणि तेवढ्यात सॉस केला की तासाभरात ताटात येतो.

रचलेला थंड कॅसरोल असेल तर फॉइलखाली ३५ ते ४० मिनिटं धरा, आणि काचेचं भांडं फ्रीजमधून थेट तापलेल्या ओव्हनमध्ये घालू नका, तडकतं. आधी अर्धा तास बाहेर. घरात मांसाचा थर्मामीटर असेल तर मध्यभागी ७४ अंश दिसले पाहिजेत. खिमा पहिल्यांदा शिजवताना ७१ पुरतात. मात्र खिम्यात वरच्या पृष्ठभागावरचे जंतू आतपर्यंत मिसळलेले असतात, म्हणून स्टेकसारखा मधे गुलाबी ठेवायचा नाही.

उरलेला दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये, उथळ डब्यात. ३ ते ४ दिवस टिकतो. गरम करताना दोन चमचे दूध शिंपडून झाका. फ्रीजरमध्ये चकत्यांचा कॅसरोल ठेवू नका, बटाटा रवाळ होऊन पाणी सोडतो. खिमा मात्र एकटा २-३ महिने फ्रीजरमध्ये छान राहतो, तेव्हा एकदम किलोभर करून दोन डबे भरून ठेवा.