शहामृगाऐवजी कोण?

दोघांनी विचारलंय की आपल्या मुळाक्षरांच्या पुस्तकांत श शहामृगाचाच का, शेकरूचा का नाही. मागणी रास्तच. शहामृग आफ्रिकेतलं, शेकरू आपला राज्यप्राणी. अडचण एवढीच की पोराला आधी नुसता श ओळखू यायला हवा आणि शेकरूवर मात्रा. बिबट्याचंही तेच, नाहीतर निफाडच्या उसाशेजारी वाढणाऱ्या पोराला ब शिकवायला त्याच्याइतकं ओळखीचं जनावर नाही!

शोधलं तर बिनमात्रेचे देशी गडी मिळतात. ह हरियालचा (राज्यपक्षी), ख खवल्या मांजराचा, च चक्रवाकाचा, प पट्टकादंबाचा. शेवटचे दोघे पाणपक्षी, हिवाळ्यात नांदूरमध्यमेश्वरच्या पाणथळीवर येतात. राज्यातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) ते, २०२० साली जाहीर झालेलं. नाशिकहून सकाळी निघून पोरांना प्रत्यक्ष दाखवता येतात. पट्टकादंबाच्या पांढऱ्या डोक्यामागे दोन काळे पट्टे असतात; चित्रकार ते विसरला तर पानावर नुसतं बदक उरतं.

ण आणि ळ पासून शब्दच सुरू होत नाही, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या बाण आणि बाळ. तिथे तणमोर आणि माळढोक चपखल बसतात, दोघेही गवताळ माळाचे पक्षी आणि दोघेही संपत चाललेले. पावसाळ्यात तणमोराचा नर गवतातून सरळ वर उडी मारतो, तेवढं एक चित्र पुरे.

शेकरू, बिबट्या, येवल्याची पैठणी, पेठ-सुरगाण्याकडचा बोहाडा (मुखवटे घालून नाचायचा उत्सव) हे सगळे बाराखडीच्या भागात घ्या. आणि बोहाड्याचे मुखवटे कृपा करून कार्टूनसारखे गोंडस करू नका.