मदत हवी आहे: एचआय टेस्टमध्ये जवळजवळ सगळ्यांचाच टायटर चौपट कसा?

तळाचं_बटन:

नमस्कार मंडळी. इन्फ्लुएंझाच्या अँटीबॉडी मोजायची एचआय टेस्ट (विषाणू तांबड्या पेशींची जाळी करतो, अँटीबॉडी त्याला अडवतात आणि पेशी तळाला बटनासारख्या बसतात) कोणी हाताने केली असेल तर कृपया वाचा. दोन दिवस डोकं चालत नाहीये.

आम्ही ४० जणांचं रक्त दोनदा घेतलं. एकदा फ्लूचा मोसम सुरू व्हायच्या आधी आणि एकदा तो ओसरल्यावर. पहिल्या फेरीचे नमुने तेव्हाच तपासून टाकले, दुसऱ्या फेरीचे गेल्या आठवड्यात. विषाणू एच१एन१, तांबड्या पेशी टर्कीच्या ०.५ टक्के, व्ही-तळाच्या खळग्यांच्या (वेलच्या) प्लेट, ३० मिनिटांनी वाचन. सीरम (रक्त गोठल्यावर सुटणारा द्रव) १:१० पासून दुप्पट पातळ करत १:१२८० पर्यंत नेलं. किती पातळ केलं तरी बटन बसतं, तो शेवटचा आकडा म्हणजे टायटर.

आता जोड्या लावल्या तर ४० पैकी ३७ जणांचा टायटर चौपट किंवा जास्त वाढलेला. चौपट वाढ म्हणजे मधल्या काळात संसर्ग होऊन गेला, असं धरतात. पण फॉर्मवर ताप-खोकला लिहिणारे आहेत सहा जण! आमचे सर आकडा बघून खूश आहेत. मला मात्र पोटात गोळा आलाय, कारण हे निकाल परवा लोकांना घरोघरी जाऊन सांगायचे आहेत.

एक शंका माझीच: दुसऱ्या फेरीतल्या काही नळ्या उशिरा पोचल्या, सीरम लालसर होतं. त्याने असं होईल का?

गोठवण:

आधी आरडीई (टेस्टआधी सीरमला लावायचं एन्झाइम) बघा. माणसाच्या सीरममध्ये अँटीबॉडी नसलेलेही पदार्थ असतात, जे विषाणूला पेशींना चिकटू देत नाहीत. आरडीई नीट लागलं नाही तर तेच अँटीबॉडी म्हणून मोजले जातात. आमच्याकडे एकदा अख्खी बॅच यातच गेली होती.

लालसर सीरमने वाचन अवघड होतं, पण एवढी शिस्तीत चौपट वाढ नाही होणार. तीही जवळजवळ सगळ्यांत! अँटीबॉडी चिवट असतात, काही तासांच्या उशिराने मरत नाहीत. फक्त सीरम वेगळं न करता अख्खं रक्त कधी गोठवू नका, पेशी फुटून सगळा लाल रस्सा होतो.

तळाचं_बटन:

आरडीई दोन्ही वेळा एकाच पद्धतीने केलं. ३७ अंशांवर रात्रभर, मग ५६ अंशांवर ३० मिनिटं. आरडीईची बाटलीही तीच. वाचनही नीट होतं, प्लेट तिरकी धरली की बटनातल्या पेशींची धार छान ओघळत होती.

वाटसरू:

मी या क्षेत्रातला नाही, पण एवढा खटाटोप कशाला? फ्लूची रॅपिड पट्टी मिळते ना, पंधरा मिनिटांत निकाल.

गोठवण:

वाटसरू, ती पट्टी नाकाच्या स्वाबमधला विषाणूचाच अँटीजेन शोधते, म्हणजे आत्ता आजार आहे का ते. इथे शोधतायत रक्तातल्या अँटीबॉडी, म्हणजे पूर्वी कधी गाठ पडली का ते. त्या चढायलाच दोनेक आठवडे लागतात. म्हणून ताप आलेल्या माणसाला आज काय झालंय हे विचारायला ही टेस्ट निरुपयोगी, तिथे आरटी-पीसीआर (विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी टेस्ट).

जुनी_प्लेट:

धागा उशिरा बघितला. बाई, बाकी सगळं बाजूला ठेवा आणि एकच सांगा. तुमच्या पॉझिटिव्ह कंट्रोल सीरमचा (अँटीबॉडी आहेत हे आधीच माहीत असलेलं, दर वेळी तुलनेला लावायचं सीरम) टायटर दोन्ही फेऱ्यांत किती आला?

तळाचं_बटन:

पहिल्यांदा १६०, दुसऱ्यांदा ६४०. कंट्रोल पॉझिटिव्ह आला म्हणजे टेस्ट चालली, असं धरून मी पुढे गेले.

जुनी_प्लेट:

मग मिळालं की उत्तर! कंट्रोल सीरम ज्या बाटलीतलं आहे तिला मधल्या काळात फ्लू झाला नाही ना? तरी तिचाही चौपट वाढला. एका वेलचा, म्हणजे दुपटीचा, फरक कोणाकडूनही पडतो, दोन वेलचा पडला की थांबायचं.

आता वही काढा आणि अँटीजेनचं बॅक टायट्रेशन बघा, म्हणजे घातलेल्या विषाणूची पेशी जोडायची ताकद खरंच किती युनिट होती याची तपासणी. एचआयमध्ये २५ मायक्रोलिटरमध्ये ४ युनिट हवीत. पण युनिट मोजताना आपण ५० मायक्रोलिटर घेतो, म्हणून तिथे ८ यायला हवीत. इथे भलेभले घसरतात. ८ बरोबर असतील तर बॅक टायट्रेशनच्या पहिल्या चार वेलमध्ये पेशी जाळीसारख्या पसरलेल्या दिसतात आणि पाचव्यात बटन बसतं. तुमच्याकडे किती वेल आहेत?

तळाचं_बटन:

पहिल्या फेरीत पाच. दुसऱ्या फेरीत तीन. मेले मी.

जुनी_प्लेट:

मरू नका, निकाल अजून वाटले नाहीत ना. म्हणजे २५ मायक्रोलिटरमध्ये ४ च्या जागी पहिल्या वेळी ८ युनिट गेली, दुसऱ्या वेळी २. विषाणू कमी घातला की त्याला अडवायला अँटीबॉडीही कमी पुरतात, म्हणून सीरम जास्त पातळ केलं तरी बटन बसतं आणि टायटर फुगतो. ८ चे २ झाले, टायटर चौपट. गणित चोख आहे. दुसऱ्या वेळी अँटीजेनची जुनीच नळी परत गोठवून वापरली का?

तळाचं_बटन:

हो. आणि पातळ करायचं प्रमाणही वहीतलं जुनंच घेतलं. बॅक टायट्रेशन लावलं, पण वाचलं प्लेट झाल्यावर.

जुनी_प्लेट:

ते प्लेट लावायच्या आधी वाचतात. आता दोन्ही फेऱ्यांचं उरलेलं सीरम काढा आणि एका माणसाची जोडी एकाच दिवशी, एकाच प्लेटवर, शेजारी शेजारी लावा. ९६ वेलच्या प्लेटमध्ये १२ उभ्या ओळी, पाच जोड्यांच्या दहा, उरलेल्या दोन कंट्रोलला. आठ प्लेट होतील. आणि पहिली फेरी झाल्या झाल्या तपासायची घाई पुढच्या वर्षी करू नका. सीरम उणे २० वर ठेवून द्या, दुसरी फेरी आली की एकत्र काढा.

निकाल सांगताना आणखी एक सांभाळा. १:४० आला की 'तुम्ही सुरक्षित' असं कोणाला म्हणू नका. तो आकडा मोठ्या गटात संसर्गाची शक्यता साधारण निम्मी होण्याशी जोडलेला आहे, एकट्या माणसाला ती हमी नाही.

तळाचं_बटन (चार दिवसांनी):

आठही प्लेट झाल्या. बॅक टायट्रेशन चार वेल, आधी वाचून. कंट्रोल सात प्लेटवर ३२०, एकीवर १६०. चौपट वाढ ३७ वरून ५ वर आली. सरांचा चेहरा पडला, पण वहीची पानं दाखवल्यावर काही बोलले नाहीत.

पाचांपैकी तिघांनी ताप लिहिला होता. दोघांनी काहीच नाही. त्यांना उद्या भेटायला जातेय. काय काय विचारू?

जुनी_प्लेट:

मध्ये लस टोचून घेतली का, हे आधी विचारा. एचआयला लस आणि आजार यातला फरक कळत नाही. लस नसेल तर न जाणवलेला संसर्गही असू शकतो, तसं पुष्कळ होतं.

तळाचं_बटन:

लसीचा रकाना फॉर्मवर पहिल्या फेरीतच आहे, दुसऱ्या फेरीच्या फॉर्मवर नाहीच! चाळीसही जणांना विचारावं लागणार.