मंगोल 'बो'ला मराठीत काय म्हणायचं? मांत्रिक, भगत की शामन?

— मंगोलियातल्या भटक्या मेंढपाळांवरचा एक लेख मराठीत करतेय. त्यात बो (पुरुष) आणि उदगन (बाई) सारखे येतात, मी आधी 'मांत्रिक' लिहून टाकलं पण वाचताना लिंबू-मिरचीवाला बाबाच डोळ्यासमोर येतो. काय वापरू?

— मांत्रिक नकोच. मांत्रिकाचं सगळं मंत्रावर चालतं. बो हेंगेरेग वाजवत बसतो, म्हणजे चामड्याचा मोठा डफच, चेहऱ्यावर झालरी सोडलेल्या त्यामुळे डोळे दिसत नाहीत, आणि वाजवता वाजवता ओंगोद म्हणजे पूर्वजांचे आत्मे त्याच्यात येऊन बोलायला लागतात. आपण ज्याला अंगात येणं म्हणतो तेच की हे. भगत किंवा देवऋषी लिही.

— पालघरकडे भगत लगेच कळेल, इतर ठिकाणी आडनाव वाटायचं 😀

— शामनच लिहा ना, तो आपल्या श्रमण (बौद्ध-जैन भिक्षू) वरूनच गेलाय.

— हे व्हॉट्सॅपवर फार फिरतं. शब्द सैबेरियातल्या एवेंकी लोकांचा, रशियनमधून युरोपात गेला, श्रमणशी नातं लावणारे अभ्यासक आहेत तसे न मानणारेही आहेत. मंगोल लोक स्वतः बोच म्हणतात. संस्कृतच शोधायचं तर बौद्ध धर्माबरोबर गेलेलं बघा, पुण्यचं बुयान, रत्नचं एर्देने, रसायनचं रशान (औषधी पाण्याचा झरा!), आणि ग्रह तर अंगाराग, बार्हासबाद, सांचिर, म्हणजे अंगारक, बृहस्पती, शनैश्चर.

— सांचिर भारीच! बरं, ओवोला मी 'दगडांचा ढीग' लिहिलंय, चालेल?

— शब्दशः बरोबर आहे, ओवो म्हणजे ढीगच. पण मराठीत ढीग कचऱ्याचा असतो, 'रास' लिही. खिंडीत, डोंगरमाथ्यावर असतात हे, येणारा-जाणारा थांबून तीन फेऱ्या मारतो, डावीकडून उजवीकडे, म्हणून तिथे 'प्रदक्षिणा' बिनधास्त वापर, दगड टाकतो, निळा खादाग म्हणजे रेशमी पट्टा बांधतो. निळा कारण तेंगेर म्हणजे आभाळ, तोच सगळ्यात मोठा देव. आणि तेंगेरचं भाषांतर 'स्वर्ग' करू नकोस, वर दिसतं तेच निळं आभाळ आहे ते.

— सकाळी बायका चहाचा पहिला घोट आभाळाकडे उडवतात, नऊ खळग्यांच्या लाकडी पळीने, त्याला नैवेद्य म्हणावं का?

— नैवेद्य आपण दाखवून परत खातो, हे उडवून टाकलं जातं. 'अर्घ्य' जास्त बसेल, सूर्याला देतो तसं. चुलीचं काही आलंय का लेखात? गेरमधल्या, म्हणजे त्यांच्या गोल तंबूतल्या, विस्तवात कचरा टाकत नाहीत, सुरीचं टोकही खुपसत नाहीत. तिथे 'अग्निदेवता' असलं जड काही नको, नुसतं 'विस्तव' ठेव.

— आलंय, १९३० च्या दशकात कम्युनिस्ट राजवटीने लामा आणि बो दोघांनाही चिरडलं तरी घरातल्या ह्या गोष्टी चालू राहिल्या, १९९० नंतर बो परत उघडपणे दिसायला लागले, असा परिच्छेद आहे. मग बो तसाच ठेवते आणि पहिल्यांदा येईल तिथे 'अंगात येणारा भगत' अशी ओळख देते. उदगनला भगतीण म्हणायचं की काय?

— भगतीण म्हणजे भगताची बायको वाटेल. उदगनच ठेव.