शुश्रूषा, काळजीवाहक की नुसतं ‘करणं’?

मिरजेहून प्रश्न

माझा पहिला कथासंग्रह छपाईला चाललाय आणि मलपृष्ठावरच्या परिचयात एका शब्दापाशी गाडी अडलीय. बरीच वर्षं मी अंथरुणाला खिळलेल्या माणसांकडं रात्रपाळी करते. बहुतेक जण कॅन्सरचे, शेवटच्या टप्प्यातले. प्रकाशकांनी ‘परिचारिका’ लिहिलं, पण त्याला नर्सिंगचं शिक्षण आणि नोंदणी लागते, माझ्याकडं ते नाही. ‘केअरटेकर’ म्हटलं की आमच्याकडं बंगल्याचा राखणदार डोळ्यांसमोर येतो. ‘काळजीवाहक’ कागदावरच दिसतो. वॉर्डात सगळे ‘मावशी’ म्हणतात. त्यात माया असते, पण आपलं नाव जातं. नव्या घरी मात्र पहिल्याच दिवशी आडनाव विचारतात, आणि प्यायचा पेला वेगळा ठेवायचा की नाही ते त्यावर ठरतं. माझं लिखाण तिथंच सुरू झालं, म्हणून शब्द नेमका हवाय.

वाईहून

ताई, ‘शुश्रूषा’ घ्या. संस्कृत ‘श्रु’ म्हणजे ऐकणे, त्याचं हे इच्छार्थक रूप. मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा, मग गुरूच्या आज्ञेत राहणं, मग सेवा. आजाऱ्याशेजारी रात्र काढून कथा लिहिणारीला हा मूळ अर्थ शोभतो. (पहिला ‘शु’ ऱ्हस्व, ‘श्रू’ दीर्घ. छापताना हमखास उलटं होतं.)

मात्र हॉस्पिसला, म्हणजे बरं न होणाऱ्या आजाऱ्यांना शेवटपर्यंत सांभाळणाऱ्या संस्थेला, ‘शुश्रूषागृह’ म्हणू नका. तो शब्द नर्सिंग होमला रूढ आहे. सिसिली साँडर्स आधी नर्स, मग रुग्णालयात समाजसेविका, मग डॉक्टर झाल्या आणि १९६७ मध्ये त्यांनी लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस काढलं. मुंबईत १९८६ मध्ये शांती अवेदना सदन हे हॉस्पिस सुरू झालं. तिथल्या उपचारांना ‘उपशामक’ म्हणतात. रोग हटत नसला तरी वेदना, धाप, मळमळ शमवायची. हे उपचार शेवटच्या दिवसांपुरतेच नसतात, रोगाचं निदान झाल्यापासून देता येतात. परिचयात ‘उपशामक’ लिहिलंत तर वाचणाऱ्याला हे ठाऊक हवं.

कराडहून

इतकं लांब कशाला जायचं? आपल्याकडं ‘करणं’ आहे की. ‘सासूचं कोण करतंय?’ ‘आबांचं शेवटपर्यंत धाकटीनंच केलं.’ काय केलं ते कुणी विचारत नाही. कूस बदलणं, गू-मूत काढणं, चमच्यानं पाणी पाजणं, सगळं त्यात आलं. फक्त हे क्रियापद आपण घरच्यांना देतो. पगारी माणसाबद्दल म्हणताना ‘बाई ठेवलीय’. काम तेच, रात्रही तीच, मग क्रियापद का बदलावं? मला हा अन्याय वाटतो. मावशी, तुम्ही ते हक्कानं घ्या.

मिरजेहून पुन्हा

दोघांचेही आभार. ‘शुश्रूषा’चा मूळ अर्थ मनाला भिडला, पण ज्यांच्या घरी मी जाते त्यांना वाचताक्षणी कळेल असंच हवं. तापाच्या, लघवीच्या, मॉर्फीनच्या गोळीच्या वेळा टिपायला मी वही ठेवते. पुढून नोंदी, मागच्या पानापासून कथा. त्याच सुरात परिचय लिहिला: ‘मिरजेत राहते. रात्रपाळीला आजाऱ्यांचं करते आणि कथा लिहिते.’ ‘करते’ला अवतरणचिन्हं घालू नका, असं प्रकाशकांना कळवलंय.