आजारी नाही, खुडूक आहे
कोंबडीची अंडी बंद झालीत, दिवसभर टोपलीतच बसून असते, हात नेला की पिसं फुलवून चोच मारते, मग ती आजारी आहे का, असं कुणीतरी विचारलंय. अहो, ती आजारी नाही, खुडूक झालीय, म्हणजे अंडी उबवायला बसलीय! आमच्याकडे रत्नागिरीला आई अशा वेळी भाताच्या तुसावर 10-12 गावठी अंडी मांडून तिला बसवायची. 7व्या रात्री अंड्यामागे टॉर्च धरा. लाल शिरांचं जाळं दिसलं तर ठेवा, नितळ असेल तर काढा. 21 दिवसांनी पिल्लं. पहिल्या आठवड्यात मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस, डोळ्यात एक थेंब, मात्र चुकवू नका. एका पावसाळ्यात मी आळस केला, 16 पैकी 2 उरली. आणि खुराड्याची कडी रात्री दोनदा बघा, रानमांजर टपलेलंच असतं.