किंगडा का : त्या २८ सेकंदांबद्दल लिहा

२८ फेब्रुवारी २०२५ ला सकाळी न्यू जर्सीतल्या जॅक्सनचा तो हिरवा मनोरा, म्हणजे किंगडा का ही रोलर कोस्टर, सुरुंग लावून पाडला. व्हिडिओ मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून पाहिला. दोनदा पाहिला, तिसऱ्यांदा लावायचा धीर झाला नाही. इतक्या वर्षांत आपण या राईडबद्दल किती बोललो आणि लिहिलं मात्र काहीच नाही, असं वाटलं, म्हणून हा धागा.

न्यू जर्सीत राहणाऱ्यांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी थोडक्यात. सिक्स फ्लॅग्ज ग्रेट ॲडव्हेंचर या पार्कात २१ मे २००५ ला किंगडा का सुरू झाली. उंची ४५६ फूट, म्हणजे १३९ मीटर. मुंबईचा राजाबाई टॉवर ८५ मीटरचा आहे, त्यावरून अंदाज करा. साडेतीन सेकंदांत ताशी ० वरून १२८ मैल, म्हणजे २०६ किलोमीटर. मग सरळ उभं वर, माथ्यावरून पलीकडे गिरकी घेत खाली, एक १२९ फुटांची टेकडी आणि ब्रेक. सगळं २८ सेकंदांत. २०१० मध्ये अबू धाबीच्या फॉर्म्युला रोसाने वेगाचा विक्रम मोडला, पण बंद होईपर्यंत जगातली सर्वात उंच रोलर कोस्टर हीच होती. शेवटच्या फेऱ्या १० नोव्हेंबर २०२४ ला झाल्या. ती कायमची बंद, हे चार दिवसांनी कळलं.

आमच्या स्वयंपाकघराच्या चौकटीवर पेन्सिलच्या खुणा आहेत. प्रत्येक वाढदिवसाला मुलीला उभं करायचं, डोक्यावर वही धरायची आणि रेघ मारायची. ५४ इंचांवर तिनेच लाल स्केचपेनने आडवी रेघ मारून ठेवली होती, कारण ५४ इंचांच्या आत किंगडा कामध्ये घेत नसत. चार वर्षं ती त्या रेघेखाली उभी राहिली. टाचा उचलून पाहायची, मी खांद्यावर हात ठेवून खाली दाबायचो. २०१२ च्या उन्हाळ्यात रेघेच्या वर गेली आणि त्याच शनिवारी आम्ही निघालो.

अडीच तास रांग. दुसऱ्या ओळीत जागा मिळाली. गाडी पुढे येऊन थांबली, मग किंचित मागे सरकली. खालून ओढणाऱ्या यंत्राच्या पकडीत येताना ती तशी सरकायचीच. रुळामधल्या ब्रेकच्या पट्ट्या खडखड करत खाली गेल्या. आता कुठल्याही क्षणी. लेकीने माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "बाबा, मला..." पुढचे शब्द मागेच राहिले. डोळ्यांतलं पाणी कानांकडे गेलं, गाल हलायला लागले, समोर रूळ नव्हताच, फक्त आकाश. माथ्यावर गाडी अगदी हळू झाली. तिथे एक क्षण कसलाच आवाज नव्हता. मग पोट वर आलं आणि आम्ही खाली. ब्रेक लागल्यावर ती माझ्याकडे वळली आणि वाक्य पुरं केलं, "...परत."

तुम्हीही लिहा. बसला असाल तर लिहाच, रांगेतून परत फिरला असाल तरी लिहा.

सातए_वरून_पूर्वेला :
आमच्याकडे भारतातून कोणीही आलं की ठरलेला कार्यक्रम. पहिल्या शनिवारी न्यूयॉर्क, दुसऱ्या शनिवारी ओक ट्री रोडवरच्या भारतीय दुकानांत खरेदी आणि तिसऱ्या शनिवारी किंगडा का. एडिसनहून टर्नपाइक महामार्ग, ७ए एक्झिटला बाहेर, मग १९५ नंबरचा रस्ता पूर्वेकडे. एका ठिकाणी झाडांच्या वर ते हिरवं टोक दिसायचं आणि गाडीतल्या गप्पा थांबायच्या. मेहुणा म्हणाला होता, "ताई, तो मोबाइलचा टॉवर असेल." नाही म्हटल्यावर १६ नंबरच्या एक्झिटपर्यंत एक अक्षर बोलला नाही.

बाहेरचं खाणं आत नेता येत नसे, म्हणून दुपारी हातावर शिक्का मारून घेऊन सगळे पार्किंगमध्ये. डिकी उघडायची, पेपर पसरायचा, दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि दहीभात. किंगडा का नेहमी जेवणाआधी, हा आमचा नियम. मागच्या महिन्यात १९५ वरून गेले. ते टोक शोधायला मान आपोआप वर झाली.

अणुरेणू :
मी मेकॅनिकल इंजिनिअर. ही राईड मला एखाद्या गणितासारखी आवडायची.

पंप तेल ढकलून टाक्यांमधला नायट्रोजन दाबून ठेवायचे. सोडायच्या क्षणी तो दाब मोटरींवर, मोटरी ड्रम फिरवणार, ड्रमवर तारेचा दोर गुंडाळला जाणार आणि दोर गाडीखालच्या ओढगाड्याला खेचणार. म्हणजे विहिरीवरचा रहाटच, साडेतीन सेकंदांत रिकामा होणारा. पाठ खुर्चीत रुतायची ती गुरुत्वाकर्षणाच्या दीडपटीहून जास्त जोराने.

आता खरी गंमत. ताशी १२८ मैल म्हणजे सेकंदाला ५७ मीटर. या वेगाने वर सोडलेली वस्तू, हवा आणि घर्षण धरलं नाही तर, १६७ मीटरच्या आसपास चढते. मनोरा १३९ मीटर. म्हणजे शिल्लक २८ मीटर, आणि चाकांचं घर्षण, वाऱ्याचा विरोध, सगळं त्यातूनच भागवायचं. त्यामुळे माथ्यावर गाडी जेमतेम पुढे जायची. धागाकर्त्याने जो शांत क्षण लिहिलाय, तो या हिशोबातून आलेला आहे. जास्त जोर लावला असता तर तो क्षण राहिला नसता. ज्यांनी हे आकडे ठरवले त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे.

कधी शिल्लक कमी पडायची, गाडी माथ्याच्या अलीकडेच थांबायची आणि उलटी खाली यायची. त्याला रोलबॅक म्हणतात. बांधतानाच हे धरलेलं होतं. गाडी पुढे गेली की ब्रेकच्या पट्ट्या पुन्हा वर उठायच्या आणि मागे येणाऱ्या गाडीला चुंबकाच्या जोरावर अलगद हळू करायच्या. चुंबकाला वीज लागत नाही आणि तो घासतही नाही, म्हणून गाडीचा वेग मऊपणे उतरायचा. हे कोणी अनुभवलं असेल तर कृपया सविस्तर लिहा, मला १९ वर्षांत एकदाही मिळाला नाही.

निळी_छत्री :
@अणुरेणू, मला मिळाला. ऑक्टोबर होता, संध्याकाळ, बोटं गारठलेली. वर जाता जाता वेग एकदम मेला. आम्ही पाठीवर, तोंड आकाशाकडे, आणि गाडी थांबली. वर टेकायला काहीच नव्हतं. शेजारी माझी रूममेट, सोलापूरची, तिने "आई गं" म्हटलं ते अगदी हळू, घरात म्हणावं तसं. मग आम्ही मागे जायला लागलो. उलटं पडताना काहीच दिसत नाही, फक्त वर जाणारा रूळ लांब जातो. खाली आलो तर रांगेतले सगळे टाळ्या वाजवत होते. आम्हाला तसंच बसवून पुन्हा सोडलं आणि दुसऱ्यांदा गाडी पलीकडे गेली. एका रांगेत दोन फेऱ्या! माझ्या अमेरिकेतल्या पहिल्या सेमिस्टरमधला सर्वात चांगला दिवस. तोपर्यंत दर रविवारी घरी फोन करून रडायचे. त्या रविवारी नाही रडले.

पावसाळी :
माझा अनुभव छोटा आहे. २०२२ च्या ऑगस्टमध्ये अटलांटिक सिटीच्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनाला टेक्सासहून आलो होतो. एक दिवस खास किंगडा कासाठी ठेवला. रांगेत उभं राहिलो आणि ढग आले, वीज कडाडली, राईड थांबली. थांबणारच, एवढ्या उंच लोखंडाला तेच शहाणपण. २००९ मध्ये तिच्यावर वीज पडली होती आणि ती कित्येक आठवडे बंद होती. संध्याकाळच्या विमानाने परत. पुन्हा येऊ म्हटलं होतं.

मिरजेची_आज्जी :
नातवाने हे वाचून दाखवलं म्हणून लिहिते आहे, टाईप तोच करतो आहे. मी बसले नाही. मला बॅगांजवळ बसवून सगळे गेले. माझ्या मांडीवर तीन चष्मे, दोन घड्याळं, मुलाचं पाकीट आणि सुनेचं मंगळसूत्र, रुमालात बांधून. चष्मे एकमेकांवर घासू नयेत म्हणून पदराच्या तीन घड्या करून एकेक वेगळा ठेवला होता.

दोन तास मी तेच बघत होते. आधी घुंईऽ असा आवाज, मग गाडी दिसायच्या आधी माणसांचा आवाज, मग गाडी. प्रत्येक गाडीत अठरा माणसं, असं नातवाने सांगितलं होतं. प्रत्येक गाडी पलीकडे उतरेपर्यंत मी रामरक्षेची एक ओळ म्हणत होते. आपली माणसं कुठल्या गाडीत आहेत ते खालून कळत नव्हतं, म्हणून सगळ्यांसाठीच म्हटली.

मुलगा उतरून आला तेव्हा केस मागे गेलेले, डोळे ओले. वाऱ्याने आलं म्हणाला. उरुसातल्या आकाशपाळण्यातून उतरायचा तेव्हा सहा वर्षांचा होता, चेहरा हाच. त्याने चष्मा मागितला. मी म्हटलं, थांब जरा, आणि पदराने आधी त्याचं तोंड पुसलं. चाळीशीचा माणूस, एवढ्या लोकांत. त्याने पुसू दिलं.

एडिसनचा_आर्य :
माझं मराठी रविवारच्या शाळेतलं आहे, चुका असतील तर सांगा. शाळेत सहा तास अवांतर वाचन केलं की पार्कचं एक तिकीट फुकट मिळत होतं. दुसरीत असताना मी ते सहा तास आजोबांबरोबर मराठी पुस्तकं वाचून भरले. ते एक पान, मी एक पान. बाईंनी विचारलं ही कुठली भाषा, मी अभिमानाने सांगितलं. तिकीट मिळालं, पण माझी उंची ४८ इंच होती. आजोबा आणि मी कुंपणाजवळ उभे राहून बघितलं. ते म्हणाले, "तू मोठा झालास की दोघं बसू." मी सातवीत असताना बसलो, तेव्हा ते नव्हते. मी शेजारच्या अनोळखी काकांना "रेडी?" विचारलं.

ओहायोवाली :
सँडस्कीच्या सीडर पॉइंटला हिची मोठी बहीण होती, टॉप थ्रिल ड्रॅगस्टर. २००३ ची, ४२० फूट, ताशी १२० मैल, बनवणारी कंपनी तीच, इंटामिन. दोन्हींत बसले आहे. ड्रॅगस्टरला फक्त मांडीवर दांडा असायचा, किंगडा काला खांद्यावरून येणारं कवच. मला ड्रॅगस्टर जास्त मोकळी वाटायची, आणि तरीही माथ्यावरचा क्षण किंगडा काचाच. २०२१ मधल्या अपघातानंतर ड्रॅगस्टर त्या रूपात पुन्हा धावली नाही. आता तिथे वेगळ्या यंत्रणेवरची राईड आहे. त्या जुन्या रहाटाचा एकदम बसणारा झटका तिच्यात नाही.

शेवटचा_डबा :
मी १० नोव्हेंबरला होतो. तो शेवटचा दिवस आहे हे माहीत नव्हतं. प्रिन्स्टनहून एकटाच गेलो होतो, थंडी होती, हातमोजे विसरलो. एकटा असल्यामुळे अगदी मागच्या डब्यात जागा मिळाली. मागच्या डब्यात माथ्यावरून खाली खेचलं जायचं ते सर्वात जास्त, हे जाणकारांना माहीत आहे.

सुटलो तेव्हा गार हवेने डोळ्यांची आग झाली. वर पोचेपर्यंत मी ते मिटून घेतले होते. उघडले तेव्हा गाडी गिरकी घेत खाली निघाली होती. उतरल्यावर वाटलं, पुन्हा रांगेत उभं राहावं. अंधार पडत होता, घरी मुलं वाट बघत होती. पुढच्या एप्रिलमध्ये आधी हीच, असं ठरवून निघालो. कोणी वरून नीट बघितलं असेल तर लिहाल का?

निळी_छत्री :
@शेवटचा_डबा, दादा, त्या रोलबॅकच्या दिवशी दुसऱ्यांदा गेलो तेव्हा मी मुद्दाम डोळे उघडे ठेवले होते. खाली उजवीकडे तळं होतं, अंधारत चाललेलं. पार्कचे दिवे नुकते लागले होते. त्यापलीकडे पाइनची झाडं, फक्त झाडं, जाड गोधडीसारखी, कुठेच न थांबणारी. एक रस्ता मध्ये, त्यावर गाड्यांचे दिवे, मुंग्यांसारखे, सगळे आपापल्या घरी जाणारे. आणि माझ्या पायाखाली काही नव्हतं.